खारपाणपट्टा: आधी निचरा, मग पाणी

पश्चिम विदर्भात पाणी आणण्याच्या दोन मोठ्या योजना सध्या कागदावरून जमिनीकडे सरकत आहेत. गोसीखुर्द धरणाचे पाणी बुलडाणा जिल्ह्यातल्या नळगंगेपर्यंत नेणाऱ्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली. सव्वाचारशे किलोमीटरचा जोडकालवा आणि सहा जिल्ह्यांत मिळून सुमारे 3.71 लाख हेक्टर ओलीत असा त्याचा आराखडा आहे. मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. त्यातून महाराष्ट्रातल्या 2.34 लाख हेक्टरला लाभ होईल असे सांगितले जाते. पूर्णा नदीवर घुंगशी, नेरधामणा अशा ठिकाणी बॅरेज उभे राहिले आहेतच. या सगळ्याकडे सर्वात आशेने पाहत आहेत ते अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातले शेतकरी. जमिनीखालचे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही, पिकाला द्यावे तर माती बिघडते आणि पाऊस दगा देतो, अशा तिहेरी कोंडीत त्यांच्या पिढ्या गेल्या आहेत.

पाणी आलेच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र ते कोणत्या मातीवर येणार, या प्रश्नाची चर्चा पाण्याच्या चर्चेच्या दहाव्या हिश्शाइतकीही होत नाही. या मातीचा स्वभाव लक्षात न घेता पाणी सोडले, तर जे दुखणे बरे करायला निघालो तेच वाढवून बसू. उलट, मातीच्या भीतीने पाणीच नाकारणे म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या नशिबावर सोडणे आहे. या दोन टोकांच्या मध्ये वाट काढायची तर आधी ही माती काय आहे, ते नीट समजून घेतले पाहिजे.

पूर्णा सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा आणि बुलडाण्याचे पठार, यांच्यामध्ये खचलेल्या सखल भागात नदीनाल्यांनी हजारो वर्षे गाळ आणून टाकला. हा थर शेकडो फूट खोल आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांतून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा हा पट्टा जातो. जमीन इतकी सपाट की पावसाचे पाणी कोणत्या दिशेने जाते, हे पाहायला पाऊसच पडावा लागतो. वर्षाला साधारण 700 ते 900 मिलिमीटर पाऊस होतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ऊन आणि वारा जमिनीतून पाणी ओढत राहतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी उडवून नेण्याची ताकद या हवेत आहे. उष्ण, निमकोरड्या प्रदेशातले पूरमैदान म्हणतात ते हेच.

या मातीत निम्म्याहून अधिक भाग चिकणमातीचा आहे. ही चिकणमाती काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेली. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हाताची मूठ आत जाईल एवढ्या भेगा पडतात. इथपर्यंत ती विदर्भातल्या कुठल्याही भारी काळ्या जमिनीसारखीच आहे. फरक पुढे आहे. काळ्या पाषाणात कॅल्शियम भरपूर असते आणि ते जोवर मातीच्या कणांना धरून असते तोवर कणांचे छोटे छोटे गोळे टिकतात, गोळ्यांमधल्या पोकळीतून पाणी खाली उतरते, हवा खेळते. पण निमकोरड्या हवेत मातीतले पाणी उडून जाताना विरघळलेला कॅल्शियम चुन्याच्या रूपाने बसून राहतो. नांगराच्या फाळाला लागणारे पांढरट चुनखडे हे त्याचेच रूप. कॅल्शियम असा बाजूला पडला की कणांवर त्याच्या जागी सोडियम आणि मॅग्नेशियम बसतात. सोडियम बसलेला कण ओला झाला की शेजारच्या कणापासून सुटतो. मातीचे गोळे विरघळतात, सुटे झालेले बारीक कण पोकळ्यांत जाऊन अडकतात आणि पाण्याची वाट बंद होते.

कोणालाही घरी करून पाहता येईल असा याचा एक पडताळा आहे. शेतातल्या मातीचे वाळलेले, हरभऱ्याच्या दाण्याएवढे ढेकूळ घ्यायचे आणि पावसाच्या स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अलगद सोडायचे. पेला हलवायचा नाही. चांगल्या जमिनीचे ढेकूळ फुटेल, तळाशी त्याचा छोटा ढीग होईल, पण वरचे पाणी नितळ राहील. चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या, जमिनीच्या ढेकळाभोवती मात्र थोड्याच वेळात गढूळ वलय दिसू लागते. ते पसरत जाते आणि काही तासांनी सगळा पेला गढूळ होतो. दुसऱ्या दिवशीही तो निवळत नाही. आता दुसऱ्या पेल्यात पाण्यात आधी चिमूटभर जिप्सम विरघळवून त्याच मातीचे ढेकूळ सोडले, तर पाणी बरेच नितळ राहते. जिप्सममधला कॅल्शियम कणांना सुटू देत नाही. शेतात दर पावसाळ्यात जे घडते ते या दोन पेल्यांत डोळ्यांसमोर घडते.

यातून एक गोष्ट ध्यानात येते आणि ती फार महत्त्वाची आहे. इथले भूजल खारे असले, तरी वरच्या दोन-तीन फुटांतल्या मातीत बहुतेक ठिकाणी क्षारांचे एकूण प्रमाण फारसे नसते. तिथला खरा दोष मिठाचा नसून निचऱ्याचा आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेतल्या संशोधकांनी पूर्णा खोऱ्यातल्या मातीवर अनेक वर्षे काम केले. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने 1954 साली घालून दिलेली, कणांवरच्या सोडियमची 15 टक्क्यांची मर्यादा जगभर प्रमाण मानली जाते. त्याखालची जमीन ठीक समजली जाते. पूर्णेच्या काठच्या मातीत मात्र सोडियम 5 टक्क्यांच्या आसपास गेला तरी निचरा खालावतो आणि उत्पन्न घटते, असे या संशोधकांनी दाखवले. म्हणजे पुस्तकी मोजमापाने जी जमीन निरोगी ठरते, ती इथे आजारी असू शकते.

शेतकऱ्याला हे कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय कळते. जुलैत रात्रभर पाऊस झाला की सरीत तीन-चार दिवस पाणी तुंबते. वापसा येत नाही, डवरणी खोळंबते, तण माजते, कपाशी पिवळी पडते. त्याच वेळी दीड-दोन फूट खणले तर खालची माती कोरडीच निघते. पाऊस पडला खरा, पण जमिनीत मुरला नाही. पुढे ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांची उघडीप पडली की वरचा थर टणक होतो, भेगा पडतात, मुळे तुटतात. जी थोडी ओल आत शिरली ती चिकणमाती इतकी घट्ट धरून ठेवते की पिकाला ओढता येत नाही. एकाच हंगामात, एकाच शेतात पीक आधी पाण्याने गुदमरते आणि मग पाण्यावाचून सुकते. खारपाणपट्ट्यातल्या शेतीच्या हालाखीचे मूळ इथे आहे.

आता पाणी आणण्याच्या बाजूने विचार करू. ही बाजू भक्कम आहे आणि ती पूर्ण ताकदीनेच मांडली पाहिजे. पहिला मुद्दा पिण्याच्या पाण्याचा. या गावांतल्या विहिरी आणि बोअर खारे पाणी देतात. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी इथून वर्षानुवर्षे येत आहेत. वान आणि काटेपूर्णा धरणांवरच्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांवर शेकडो गावे अवलंबून आहेत आणि नळाला दोन पाण्यांमध्ये किती दिवसांचा खंड पडेल याचा भरवसा नाही. वान धरणातले पाणी पिण्यासाठी राखून ठेवायचे की तेल्हाऱ्याच्या ओलितासाठी, यावरून शेतकरी रस्त्यावर उतरले आहेत. बाहेरून पाणी आल्याशिवाय हा तंटा मिटणार नाही.

दुसरा मुद्दा न्यायाचा. दांडेकर समितीने 1984 साली प्रादेशिक अनुशेष मोजला तेव्हा सिंचनात विदर्भ किती मागे आहे हे आकड्यांनिशी पुढे आले. त्यानंतर चार दशके झाली. ज्या भागाच्या कापसावर इंग्रजी अमदानीत खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या आणि रेल्वेचे फाटे ओढले गेले, त्या भागातला शेतकरी आजही आभाळाकडे पाहतो. उसाच्या पट्ट्याला बारमाही पाणी देताना कोणी मातीची परीक्षा घेतली नाही. मग आमच्याच पाण्याच्या वेळी मातीचा मुद्दा का काढता, असा सवाल अकोट-दर्यापूरचा शेतकरी विचारतो. त्या सवालात खोट काढता येत नाही.

तिसरा मुद्दा थेट पिकाचा. तूर किंवा कपाशी फुला-बोंडावर असताना, हरभरा घाट्यांत भरत असताना, एक-दोन संरक्षित ओलितांनी उत्पन्नात मोठा फरक पडतो. ते पाणी कुठून तरी यायला हवे आणि ते गोडेच हवे. खाऱ्या विहिरीवरून ओलीत केले तर सोडियम वाढतो. त्या वर्षी पीक तगते, कारण पाण्यातले क्षार कणांना धरून ठेवतात; पण पुढच्या पावसाळ्यात क्षार धुऊन जातात, सोडियम तेवढा मागे राहतो आणि जमीन चिखलाच्या थापीसारखी बसते. म्हणून खारे पाणी हा पर्याय उरत नाही, गोड्या पाण्याचीच सोय करावी लागते.

ही बाजू मान्य करूनही दुसऱ्या बाजूकडे पाठ फिरवता येत नाही, कारण ती महाराष्ट्राच्या स्वतःच्या अनुभवातून आलेली आहे. नीरेचा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. दुष्काळी दख्खनच्या काळ्या जमिनीला पाणी मिळाले, ऊस वाढला आणि काही दशकांतच कालव्याखालच्या जमिनी चिबड, म्हणजे पाणथळ, होऊ लागल्या, क्षार वर येऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आखली. पाणी थोड्या जमिनीवर बारमाही ओतण्याऐवजी ठरलेल्या गटांत, पिकांची फेरपालट करून, अधिक शेतकऱ्यांत वाटायचे, हा तिचा गाभा होता. पुढे 1920च्या दशकात इंग्लिस आणि गोखले या अभियंत्यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या निचऱ्याचा सविस्तर अभ्यास केला. म्हणजे दुखणे आणि उपाय दोन्ही आपल्याला शंभर वर्षांपूर्वी माहीत होते. तरीही सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे जिल्ह्यांत कृष्णा, भीमा, नीरेच्या काठची चांगली जमीन खारवट आणि चोपण झाली. शिरोळसारख्या तालुक्यात आता शेतकऱ्यांना एकत्र येऊन, कर्ज काढून, शेताखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करून घ्यावा लागतो आहे.

तिथे पाण्याने जमीन बिघडायला काही दशके लागली. पूर्णेच्या काठी बिघाड निसर्गानेच आधी करून ठेवला आहे. खाली खारे भूजल, वर पाणी न मुरू देणारी माती आणि बाहेर काढायला उतार जवळजवळ नाही. अशा जमिनीवर पाटाचे मोकाट पाणी सोडले, तर कालव्यालगतच्या शेतांत ते तुंबेल आणि कालवा जिथून झिरपेल तिथे खारे भूजल वर येईल. आणखी एक धोका सहसा बोलला जात नाही. धरणाचे पाणी गोडे असते, त्यात क्षार कमी असतात. अशाच कमी क्षारांच्या पाण्यात सोडियमची माती सर्वात लवकर विरघळते, हे पहिल्या पेल्याने दाखवलेच आहे. तेव्हा गोडे पाणी आले म्हणजे माती आपोआप सुधारेल, ही समजूत चुकीची आहे. त्या पाण्याबरोबर मातीला कॅल्शियम आणि जादा पाण्याला वाट, या दोन्ही गोष्टी मिळाल्या तरच ते लाभते.

तापी पुनर्भरणाचाही याच कसोटीवर विचार करावा लागेल. सातपुड्याच्या पायथ्याला भरड गाळाचा पट्टा आहे. तिथे पाणी चटकन मुरते. केळी आणि संत्र्याच्या बागांनी तिथली भूजल पातळी खोल नेली आहे आणि तिथे पुनर्भरण करणे शहाणपणाचे आहे. खोऱ्याच्या मधल्या भागात मात्र माती पाणी खाली जाऊ देत नाही आणि जे जाईल ते खाऱ्या भूजलात मिसळेल. एकाच योजनेचे नाव घेऊन दोन्ही भागांना सारखेच आश्वासन देणे बरोबर नाही.

तिसरी बाजू आहे पडणाऱ्या पावसाचेच नियोजन करण्याची. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून अकोल्यात आहे आणि या पट्ट्यासाठी जिप्सम, हिरवळीची खते, सरी-वरंबा यांवर तिथे काम झाले आहे. बीबीएफ यंत्राने रुंद वरंब्यावर पेरणी केली की जुलैत पिकाची मुळे पाण्याबाहेर राहतात आणि जादा पाणी सरीतून निघून जाते. ते सरीतले पाणी शेताच्या उताराच्या टोकाला शेततळ्यात घेतले तर ऑगस्टच्या उघडिपीत एक ओलीत होते. इथे मातीचा दोष उपयोगीही पडतो. पाणी मुरत नसल्याने तळ्याला प्लास्टिकचे अस्तर न लावताही ते बराच काळ टिकते. फक्त तळे इतके खोल खणायचे नाही की खारे पाणी लागेल.

या वाटेचा भरवसा देणारा प्रयोग तेलंगणातल्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या प्रक्षेत्रावर 1976 पासून चालू आहे. तिथली काळी माती आणि पाऊसमान आपल्याकडच्याशी बरेच मिळतेजुळते आहे. रुंद वरंबे, पाण्याला काढून दिलेली वाट, पावसाळ्यात जमीन पडीक न ठेवता तुरीसारख्या द्विदल पिकाची जोड आणि संतुलित खत, एवढ्यावर तिथे हेक्टरी सुमारे 5 टन धान्य सरासरीने निघत आले आहे. शेजारीच जुन्या पद्धतीने केलेल्या शेतात ते 1 टनाच्या थोडे वर राहिले. एवढेच नाही, चांगल्या नांगरटीत आणि पिकांच्या मुळांच्या सहवासात मातीतला चुना विरघळून कॅल्शियम पुन्हा कणांवर परतू लागतो, असेही दिसले. ज्या चुनखड्यांना आपण जमिनीचा दोष समजतो त्यातच तिचे औषध साठलेले आहे. ताग, धैंचा, पिकांचे अवशेष जमिनीत गाडले तर ते औषध बाहेर काढता येते.

पण या बाजूलाही मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवल्या तर शेतकऱ्याची फसवणूक होईल. तीन-चार एकरांच्या मालकाने शेततळ्यासाठी दहा-वीस गुंठे सोडायचे म्हणजे उत्पन्नातला वाटा सोडायचा. जिप्सम हेक्टरी काही टन लागते, ते बाहेरून आणावे लागते आणि काही वर्षांनी पुन्हा टाकावे लागते. बटाईने शेत करणारा माणूस दुसऱ्याच्या जमिनीत हा खर्च का करील? ज्या वर्षी पाऊसच हुकतो त्या वर्षी शेततळेही रिकामे राहते. उलट 22 जुलै 2023 ला संग्रामपूर, जळगाव जामोद आणि तेल्हारा भागांत झाला तसा पाऊस एका दिवसात कोसळला, तर वरंबे आणि तळी दोन्ही वाहून जातात. त्या दिवशी नाल्याकाठची शेते खरडून गेली. सुटी होणारी ही माती जशी पाणी अडवते, तशीच जोराच्या प्रवाहात भराभर वाहूनही जाते. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावे मुद्दाम घेतली गेली, हे चांगले झाले. पण शेततळे, ठिबक, तुषार संच हे एकेका शेतकऱ्याला अनुदान देऊन उभे राहतात. निचऱ्याचे तसे नाही.

या सगळ्या वादात सर्वात अवघड गाठ इथेच आहे. पाणी एकट्याला घेता येते, निचरा एकट्याला करता येत नाही. माझ्या शेतातले जादा पाणी तुमच्या धुऱ्यावरून, तिथून तिसऱ्याच्या शेतातून आणि मग नाल्यात जायचे. मधल्या एकाने वाट अडवली की वरचे सगळे बुडतात. नाल्यांवर अतिक्रमण झाले आहे, रस्ते बांधताना पाण्याला पुरेशा मोऱ्या ठेवल्या जात नाहीत, बंधाऱ्यांमागे गाळ साचतो. धुऱ्यावरचे भांडण महसूल कचेरीत वर्षानुवर्षे रेंगाळते. त्यामुळे निचरा हा शेतीखात्याचा, पाटबंधारे खात्याचा, बांधकाम खात्याचा आणि गावाचा मिळून प्रश्न आहे. तो कोणा एकाच्या अंदाजपत्रकात बसत नाही आणि म्हणून मागे पडतो.

तिन्ही बाजू तोलून पाहिल्यावर आमचे मत असे आहे. खारपाणपट्ट्याला बाहेरचे पाणी मिळालेच पाहिजे, पण उसाच्या पट्ट्यात आले त्या रूपात ते येऊ नये. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. तो निर्विवाद आहे आणि त्याला मातीची कोणतीही अट लागू नाही. शेतीसाठी येणारे पाणी उघड्या पाटातून न येता बंद नळीतून यावे, तुषार किंवा ठिबकने द्यावे आणि ते कपाशी, तूर, हरभरा, ज्वारी यांच्या एक-दोन संरक्षित ओलितांपुरते असावे. बारमाही पिकांचे वचन या पट्ट्यात कोणी देऊ नये. विश्वेश्वरय्यांच्या ब्लॉक पद्धतीमागचे तत्त्व इथे पहिल्या दिवसापासून पाळले, तर तेच पाणी कितीतरी अधिक शेतांपर्यंत पोहोचेल. न्यायाच्या दृष्टीनेही हेच वाटप सरस आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: पश्चिम महाराष्ट्राने हवे तसे पाणी वापरले आणि संयम मात्र विदर्भाने पाळायचा का? याचे उत्तर एवढेच, की संयम विदर्भ म्हणून पाळायचा नाही, या मातीसाठी पाळायचा आहे. पंधरा-वीस वर्षांत जमीन चिबड झाली तर नुकसान अकोट-दर्यापूरच्याच शेतकऱ्याचे होणार. वाट्याचे पाणी पूर्ण घ्यावे; ते किती जमिनीवर पसरावे, हे मातीला विचारून ठरवावे.

दुसरी अट क्रमाची. ज्या शिवारात पाणी येणार त्या शिवाराचा निचऱ्याचा आराखडा पाणी येण्याआधी तयार व्हावा आणि त्याचा खर्च मूळ प्रकल्पातच धरला जावा. नंतर वेगळी योजना काढू, असे म्हटले की ती निघत नाही; कृष्णाकाठचा अनुभव तोच सांगतो. महाराष्ट्रात 2005 सालच्या कायद्याने पाणीवापर संस्थांना अधिकार दिले आहेत. या पट्ट्यात त्या संस्थांवर पाणी वाटण्याइतकीच निचऱ्याच्या चरांची जबाबदारी सोपवावी आणि त्यासाठी पैसाही द्यावा. चर राखला नाही तर पुढच्या आवर्तनाला कात्री, असा नियम गावाने स्वतः केला तर धुऱ्यावरची निम्मी भांडणे कमी होतील.

तिसरी अट मोजणीची आणि ती सर्वात स्वस्त आहे. केंद्र सरकारने 2015 साली सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब हे सगळे त्यात आहे. कणांवर बसलेला सोडियम किती, हे मात्र त्यात नाही. म्हणजे खारपाणपट्ट्यातला शेतकरी माती तपासून घेतो तेव्हा त्याच्या जमिनीचा मुख्य आजार सोडून बाकी सगळ्याचा अहवाल त्याच्या हाती पडतो. पूर्णा खोऱ्यातल्या गावांसाठी या पत्रिकेत सोडियमची तपासणी सक्तीची करावी आणि मर्यादा 15 टक्क्यांची न धरता इथल्या संशोधनातून निघालेली धरावी. त्या आकड्यावरून जिप्सम किती लागेल ते ठरवून ते अनुदानावर, पेरणीच्या आधी, गावात पोहोचवावे. बटाईदारालाही त्याचा लाभ मिळावा. कृषी विद्यापीठाची शिफारस, राष्ट्रीय संस्थेचे संशोधन आणि तालुका कृषी कार्यालयाचे वाटप ही तीन टोके आज एकमेकांना लागलेली नाहीत. ती जोडायला नव्या धरणाची गरज नाही.

शेतकऱ्यांनाही एक सांगणे आहे. योजना येतील तेव्हा येतील. येत्या उन्हाळ्यात आपल्या शेतातल्या तीन-चार जागांची ढेकळे पावसाच्या पाण्यात टाकून पाहा. पावसाचे पाणी नसेल तर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी चालेल. ज्या जागेच्या ढेकळाने पाणी गढूळ केले तिथे रुंद वरंबा, जिप्सम आणि हिरवळीचे खत यांची सुरुवात करा. मग शेजारच्या धुऱ्यावर बसून पाणी कुठून काढायचे ते ठरवा. आणि गावात लोकप्रतिनिधी कालव्याचे आश्वासन घेऊन आले, की पाणी किती येणार हे जसे विचाराल तसेच त्यांना हेही विचारा: जादा झालेले पाणी आमच्या शिवारातून बाहेर कुठून काढणार? या प्रश्नाचे उत्तर नकाशावर रेघ ओढून मिळाल्याशिवाय कोणत्याही योजनेला होकार देऊ नका.